नऊ सह्यांचा कागद

जवळपास सातशे पानांच्या निकालातले एक पान मी इतक्या वेळा वाचले आहे की त्यावरच्या नावांचा क्रम मला तोंडपाठ आहे. तारीख २४ एप्रिल १९७३. बहुमताचे मत पुढीलप्रमाणे आहे, अशा अर्थाची एक ओळ, तिच्याखाली सहा मुद्दे आणि त्याखाली नऊ नावे: सिक्री, शेलत, हेगडे, ग्रोव्हर, जगनमोहन रेड्डी, पालेकर, खन्ना, मुखर्जी, चंद्रचूड.

खटला केशवानंद भारतींचा. कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे हे स्वामी. केरळच्या जमीन सुधारणा कायद्यामुळे मठाची जमीन जाणार म्हणून १९७० साली ते सर्वोच्च न्यायालयात गेले. वाद वाढत वाढत एका प्रश्नापाशी येऊन थांबला: संसद घटनेत वाटेल तो बदल करू शकते का? तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने ३१ ऑक्टोबर १९७२ पासून २३ मार्च १९७३ पर्यंत ६८ दिवस युक्तिवाद ऐकले. स्वामींच्या बाजूने नानी पालखीवाला उभे होते, केरळच्या बाजूने महाराष्ट्राचे तेव्हाचे महाधिवक्ता एच. एम. सीरवाई. निकाल लागला सात विरुद्ध सहा. संसद घटना बदलू शकते, पण तिच्या मूलभूत चौकटीला हात लावू शकत नाही.

मते सात, मग सह्या नऊ कशा?

या प्रश्नासाठी मी ते पान उघडतो. माझी सगळी वकिली घोडेगावच्या कोर्टात गेली. कळंबहून रोज जाऊन येऊन. वाटपाचे दावे, बांधाचे दावे, वहिवाटीचे दावे. घटनापीठापुढे उभे राहायचा प्रसंग कधी आला नाही. पण सही म्हणजे काय हे ज्याने हयातभर सातबारा, फेरफार आणि पंचनामे वाचले त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. सातांच्या कागदावरच्या त्या दोन जादा सह्या आहेत देवीदत्त पालेकर आणि यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या. दोघेही मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले, दोघांनीही निकालपत्रात सरकारच्या बाजूने मत दिलेले. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही, असे त्यांनी सविस्तर लिहिले. मत हरले, आणि ज्या कागदावर ते हरल्याची नोंद झाली त्यावर त्यांनी सही केली.

कागदावरचे सहा मुद्दे मोजून पाहा. संसदेला मूलभूत हक्क कमी करता येत नाहीत म्हणणारा गोलकनाथ निकाल रद्द. चोविसावी घटनादुरुस्ती वैध. पंचविसाव्या दुरुस्तीतला भरपाईविषयीचा भाग वैध. तिच्याच पुढच्या कलमाचा पहिला अर्धा वैध. एकोणतिसावी दुरुस्ती वैध. म्हणजे साडेचार मुद्दे सरकारच्या पदरात. नागरिकाच्या वाट्याला दीड: पंचविसाव्या दुरुस्तीतला जो तुकडा न्यायालयाचे दार बंद करत होता तो अवैध, आणि दुसऱ्या क्रमांकावर एकच वाक्य, की ३६८ व्या कलमाने संसदेला घटनेची मूलभूत रचना किंवा चौकट बदलता येत नाही. विशेषण नाही, खुलासा नाही, त्या चौकटीत काय काय येते याची यादी नाही. पुढच्या पन्नास वर्षांचे घटनाशास्त्र त्या एका ओळीने चालवले. लेखनकला म्हणूनही मला ही ओळ थोर वाटते. सातजणांची कारणे सात वाटांनी गेली होती. ती जिथे एकमेकांना शिवतात नेमका तेवढाच बिंदू कागदावर उतरला आहे, त्याबाहेर एक शब्द नाही.

आमच्याकडे सोसायटीची निवडणूक लागली की पॅनेल पडतात. माणूस कोणाच्या पॅनेलमध्ये आहे हे कळले की त्याचे मत विचारायची गरज उरत नाही. न्यायालयाकडेही लोक त्याच नजरेने पाहतात, आणि १९७३ साली तर तसे पाहायला सबळ कारण होते. नेमणुकांच्या तारखा ओळीने लावाव्यात. सिक्री १९६४ चे, शेलत १९६६ चे, हेगडे १९६७ चे, ग्रोव्हर १९६८ चे. चौघेही चौकटीच्या बाजूला. १ ऑगस्ट १९६९ रोजी जगनमोहन रेड्डी आणि अजितनाथ राय एकाच दिवशी न्यायमूर्ती झाले, आणि एक इकडे गेला, एक तिकडे. त्यानंतर जुलै १९७१ ते ऑगस्ट १९७२ या वर्षभरात सातजण आले: पालेकर, खन्ना, मॅथ्यू, बेग, द्विवेदी, मुखर्जी आणि शेवटी २८ ऑगस्टला चंद्रचूड. सातांपैकी पाचांनी सरकारची बाजू घेतली.

तारखांचे हे गणित खोटे नाही. गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच असा निसटता पराभव झाल्यावर सरकार नेमणुकांकडे फार काळजीपूर्वक पाहत होते. पण गणित दोन ठिकाणी अडते. मुखर्जींनी हेगड्यांबरोबर संयुक्त निकालपत्र लिहिले आणि ते जुन्या ज्येष्ठांच्या रांगेत गेले. आणि खन्ना कुठल्याच रांगेत बसत नाहीत.

खन्नांचे निकालपत्र मी नव्या वकिलांना आवर्जून वाचायला देत असे. सहा न्यायमूर्ती म्हणत होते की संसदेच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा आहेत, मूलभूत हक्कांच्या गाभ्याला धक्का लावता येणार नाही. दुसरे सहा म्हणत होते, मर्यादा नाहीत. खन्ना म्हणाले की अधिकार विशाल आहे, मालमत्तेचा हक्क चौकटीत येत नाही, अंगभूत मर्यादांचा सिद्धान्तही मला मान्य नाही. मात्र ‘दुरुस्ती’ या शब्दालाच एक अर्थ आहे, आणि दुरुस्त झालेली वस्तू मूळचीच राहिली पाहिजे. कुठल्याही दिवाणी वकिलाला हे वाचताना ओळखीचे वाटते. दाव्यात दुरुस्तीचा अर्ज देताना आम्ही शेवटी लिहितोच, की मागितलेल्या दुरुस्तीने दाव्याचे मूळ स्वरूप बदलत नाही. बांधाच्या दाव्याचा दुरुस्तीच्या नावाखाली घटस्फोटाचा दावा करता येत नाही. तालुक्याच्या कोर्टात रोज चालणारी ही समज खन्नांनी देशाच्या घटनेला लावली. बारा माणसे सहा-सहा अशी उभी होती, आणि ज्याचे मत पूर्णपणे कोणालाच मान्य नव्हते त्याच्या मताचा कायदा झाला.

ही कल्पना मात्र आभाळातून पडली नव्हती. तिचा पहिला अंकुर आठ वर्षे आधी फुटला, तोही दोन मराठी न्यायमूर्तींच्या मतभेदातून, याचे मला फार अप्रूप आहे. ऑक्टोबर १९६४, सज्जनसिंग खटला. सतराव्या घटनादुरुस्तीने चव्वेचाळीस कायदे नवव्या परिशिष्टात, म्हणजे न्यायालयीन आव्हानापासून संरक्षित यादीत, घातले होते, त्यातले बहुतेक जमिनीचे. सरन्यायाधीश होते साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. त्यांनी तिघांचे बहुमत लिहिले: दुरुस्ती वैध. स्वच्छ, ठाम, सामाजिक न्यायाची कळकळ असलेले निकालपत्र. त्याच पीठावर जनार्दन रघुनाथ मुधोळकर होते. याचिका फेटाळायला त्यांचीही हरकत नव्हती, पण सही करून ते मोकळे झाले नाहीत. घटनेची काही मूलभूत वैशिष्ट्ये असतील तर ती बदलण्याला दुरुस्ती म्हणायचे की घटनेचा तो भाग नव्याने लिहिणे म्हणायचे, असा प्रश्न त्यांनी निकालपत्रात मांडला. त्यासाठी त्यांनी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या एका निकालाचा आधार घेतला. कोर्टात सांगायला उत्तर तयार नसताना प्रश्न लिहून ठेवायला धीर लागतो. मुधोळकरांनी प्रश्नचिन्ह लिहिले, आणि १९७३ च्या कागदावरच्या दुसऱ्या मुद्द्यात त्याचा पूर्णविराम झाला. गजेंद्रगडकरांचे नाव घराघरात आहे, त्यांचे निकाल कामगार चळवळीने डोक्यावर घेतले, आणि ते योग्यच होते. मुधोळकरांचे नाव आज मराठी वकिलांनाही आठवावे लागते, हे मला बरे वाटत नाही.

पुन्हा त्या कागदाकडे येतो. चौघांनी सही केली नाही: राय, मॅथ्यू, बेग, द्विवेदी. त्यांची भूमिका मला समजते. अकरा स्वतंत्र निकालपत्रे, प्रत्येकाची वाट निराळी; त्यातून ‘बहुमताचे मत’ असे काही निघते हे आपण का प्रमाणित करावे? काही विद्वान आजही म्हणतात की या कागदाला कायद्याचा आधार काय, आणि तो प्रश्न टाकाऊ नाही. पण पालेकर आणि चंद्रचूड यांच्या सह्या मी पंचनाम्यावरच्या सहीसारख्या वाचतो. पंच सही करतो ती जे घडले ते पसंत पडले म्हणून करत नाही. आपल्यासमोर हे असे घडले, एवढेच तो सांगतो. जळालेल्या गंजीचा पंचनामा असो की देशाच्या घटनेचा, पंचाने मागे फिरायचे नसते. निकालपत्रात विरोध पूर्ण मांडायचा आणि निकाल लागल्यावर तो आपल्याही न्यायालयाचा निकाल आहे हे मान्य करायचे, एवढे मोठे काम त्या दोन सह्यांनी केले, अशी माझी समजूत आहे.

पालेकर सप्टेंबर १९७४ मध्ये निवृत्त झाले. वृत्तपत्रांत काम करणाऱ्यांना ते पुढे पालेकर निवाड्यामुळे माहीत झाले. पत्रकारांच्या पगाराची ती शिफारस १९८० ची. चंद्रचूडांची गोष्ट मात्र त्या सहीपासून सुरू होते.

त्यांच्या निकालपत्राची सुरुवात वाचावी. बावन्न वर्षांचा, दिल्लीला येऊन आठ महिनेही न झालेला न्यायमूर्ती पहिल्याच परिच्छेदात मनातली खंत सांगतो. आपल्याला वेगळे निकालपत्र लिहायचे नव्हते, मोकळी चर्चा होऊन कोणाच्या तरी मताला जोडून घेता येईल अशी आशा होती. पण वकिलांनीच एवढा वेळ घेतला की न्यायमूर्तींना आपसात बोलायला वेळ उरला नाही. सरन्यायाधीश २५ तारखेला निवृत्त होणार, म्हणून निकाल आदल्या दिवशी बाहेर पडलाच पाहिजे. फक्त चार सहकाऱ्यांची मते आपल्याला पूर्ण वाचायला मिळाली. आपल्या निकालपत्रांत एवढी उघडी, माणसासारखी सुरुवात विरळा. गट पडले होते की नव्हते यावर पुढे पुस्तके लिहिली गेली, पण तेरा माणसे एका टेबलाभोवती बसून बोलली नाहीत याची साक्ष त्यांच्यातल्याच एकाने त्याच दिवशी देऊन ठेवली आहे.

निकालानंतर लगेच सरकारने शेलत, हेगडे, ग्रोव्हर या तिघांना डावलून राय यांना सरन्यायाधीश नेमले. तिघांनी राजीनामे दिले. डावललेले तिघेही बहुमतातले. त्या कागदावर सही केल्याची किंमत काय असू शकते हे देशाला लगेच कळले.

आता १९७५. इंदिरा गांधींच्या निवडणुकीचा खटला, निकाल ७ नोव्हेंबरला, देशात आणीबाणी. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढणारे ३२९-अ कलमाचे चौथे पोटकलम न्यायालयासमोर होते. चंद्रचूडांपुढे दोन वाटा होत्या. १९७३ ला आपण म्हटलेच होते की संसदेला मर्यादा नाही, ते पुन्हा म्हणता आले असते. त्यांनी तसे केले नाही. केशवानंदमधले बहुमत आपल्यावर बंधनकारक आहे असे धरून त्यांनी चौकटीत काय येते ते मोजून सांगितले: सार्वभौम लोकशाही प्रजासत्ताक, दर्जाची व संधीची समानता, धर्मनिरपेक्षता व सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य, आणि माणसांचे नव्हे तर कायद्याचे राज्य. ज्या चौकटीविरुद्ध मत दिले तिचीच ही स्पष्ट मोजणी त्यांच्या हातची आहे. अल्पमतातलेच मॅथ्यू त्या दिवशी त्याच वाटेने गेले. ते पोटकलम पडले. पॅनेल कुठले होते?

इथे थांबून चंद्रचूडांची थोरवी गाणे सोपे आहे, आणि आमच्या भागात ती गायली जाते. चंद्रचूडांचे मूळ गाव कन्हेरसर, खेड तालुक्यात, यमाईचे. कळंबहून मंचर आणि पुढे खेड ओलांडले की तिकडे जाता येते. ‘आपले चंद्रचूड’ असेच लोक म्हणतात. मीही म्हणतो. म्हणूनच २८ एप्रिल १९७६ ची तारीख गाळता येत नाही. जबलपूर खटला: आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येईल का? राय, बेग, चंद्रचूड आणि भगवती म्हणाले, नाही. एकटे खन्ना म्हणाले, येईल. जेमतेम सहा महिन्यांपूर्वी कायद्याचे राज्य चौकटीत मोजणाऱ्या माणसाने माणूस तुरुंगात असताना ते राज्य बाहेर ठेवले. चंद्रचूडांचे ते निकालपत्र भाषेने सुंदर आहे आणि त्यामुळे अधिक दुखते. खन्नांना जानेवारी १९७७ मध्ये डावलून बेग यांना सरन्यायाधीश केले गेले. खन्नांनी राजीनामा दिला. १९७८ ला चंद्रचूडांची पाळी आली तेव्हा मुंबईतल्या काही ज्येष्ठ वकिलांनी याच निकालासाठी त्यांच्या नेमणुकीला जाहीर विरोध केला होता. खन्ना आणि चंद्रचूड दोघेही २००८ साली गेले. २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात जबलपूरचा निकाल रद्द झाला. त्यात मुख्य निकालपत्र लिहिले धनंजय चंद्रचूड यांनी. बहुमतातल्या चौघांचेही निकाल गंभीरपणे सदोष होते असे त्यांनी लिहिले. त्या चौघांत वडील होते. त्यांच्यासाठी वेगळा शब्द नाही, सवलत नाही, चौघांना मिळून एकच वाक्य. मला तो संयम त्या निकालातला सर्वांत कठीण भाग वाटतो.

१९८० चे मिनर्व्हा मिल्स हे चंद्रचूडांचे सर्वोत्तम काम. बेचाळिसाव्या दुरुस्तीने संसदेचा अधिकार अमर्याद असल्याचे घटनेतच लिहून टाकले होते. पालखीवाला पुन्हा उभे राहिले. सरन्यायाधीश चंद्रचूडांचा युक्तिवाद एका श्वासात सांगता येतो: घटनेने संसदेला मर्यादित अधिकार दिला आहे, आणि तो मर्यादित असणे हेच चौकटीचे अंग आहे, म्हणून तो वापरून त्याच अधिकाराला अमर्याद करता येणार नाही. कुलमुखत्यारपत्र घेतलेल्या माणसाने त्याच पत्राच्या जोरावर जमीन स्वतःच्या नावे करून घ्यावी, तसे ते झाले असते. आमच्या कोर्टात अशी प्रकरणे येतात, आणि पक्षकाराला हा मुद्दा समजायला कधी अडचण आलेली मी पाहिली नाही. १४, १९ आणि २१ या तीन कलमांना सुवर्ण त्रिकोण म्हटले गेले तेही याच निकालात.

चौघे एका बाजूला, आणि कलम ३१-क पुरते भगवती वेगळे. भगवतींचे निकालपत्र उघडले आणि मी थबकलो. त्यांनीही खंत नोंदवली आहे: न्यायमूर्तींची आपसात चर्चा व्हायला हवी होती, ती झाली नाही. म्हणजे सात वर्षांपूर्वी धाकट्या चंद्रचूडांनी जी तक्रार लिहिली, तीच आता सरन्यायाधीश चंद्रचूडांच्या पीठावरचा सहकारी लिहीत होता. दोन्ही खंड टेबलावर शेजारी उघडे ठेवून हे दोन परिच्छेद लागोपाठ वाचावेत. दोघांच्या स्वभावातले अंतर, दोघांमधली चुरस, यावर बाहेर पुष्कळ बोलले गेले. मला या दोन परिच्छेदांत त्याहून जास्त दिसते. सहकाऱ्यांशी पुरेसे बोलता आले नाही, याचे दुःख दोघांनाही सारखेच झाले होते.

मिनर्व्हाचा आदेश ९ मे १९८० ला सुनावला. त्याच दिवशी आणखी एका खटल्याचा आदेश झाला, आणि तो आमच्या मातीतला होता: वामन राव. महाराष्ट्राच्या शेतजमीन धारणा कायद्याला, म्हणजे गावाच्या भाषेत सीलिंगला आव्हान. बारमाही बागायत अठरा एकर, जिरायत चोपन्न एकर. हे आकडे आंबेगाव-जुन्नरमध्ये शाळा न शिकलेला म्हातारासुद्धा सांगतो. पीठावर चंद्रचूडांबरोबर तुळजापूरकर, कृष्ण अय्यर, ए. पी. सेन आणि भगवती होते. सीलिंगचा कायदा ३१-अ कलमाच्या आधाराने टिकला. चौकटीने जमीनदाराला वाचवले नाही. १९७३ पासून ज्या भीतीने सहाजण विरोधात उभे होते, की चौकट म्हणजे श्रीमंतांची ढाल होईल, ती भीती त्यांच्यातल्याच एकाने प्रत्यक्ष निकालाने दूर केली.

एक प्रश्न उरला होता. नवव्या परिशिष्टात इतके कायदे कोंबून ठेवले आहेत; त्यातले चौकटीच्या कसोटीला कोणते लावायचे, कोणते सोडायचे? कुठेतरी रेघ ओढणे भाग होते. चंद्रचूडांनी तारीख निवडली. तिच्या आधीचे सुरक्षित, तिच्यानंतरचे कसोटीला पात्र. आजही घोडेगावला एखादी जुनी सीलिंगची फाइल निघाली की आम्ही आधी ती तारीख पाहतो.

२४ एप्रिल १९७३. ते ज्या दिवशी हरले होते तो दिवस.